केबिनचं दार कुठल्या हाताने

आधीच सांगून ठेवते, सुतारकामातलं मला ओ की ठो कळत नाही. पण दार उघडायला सुतारकाम कशाला यायला हवं? दार उघडायला हात लागतो. आणि तो कुणाचा, कुठला, हे विचारायची अक्कल त्या पावसाळ्यात आमच्या घरात माझ्याशिवाय एकालाही नाही, असं मी चार आठवडे ठणकावून सांगत होते. ऐकतंय कोण?

आमची होडी लहान. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर आमच्या शेजारी ज्या बोटी लागतात त्यांच्या पुढे ती पोरकीच दिसते. माझा नवरा तिचा तांडेल. म्हणजे सुकाणू त्याच्या हातात, कुठे जायचं, जाळं कधी टाकायचं, कधी फिरायचं, सगळं त्याने ठरवायचं. होडी त्याची आणि त्याच्या धाकट्या भावाची, म्हणजे माझ्या दिराची, मिळून. दीर इंजिन बघतो. वर दोन खलाशी. आणि आलेली मासळी विकायची मी. तीस वर्षं मी त्या होडीची मासळी आगाशीच्या बाजारात विकली आहे, पण तिच्या केबिनमध्ये मी एकदाही बसलेले नाही. केबिनमध्ये देवीचा फोटो असतो, म्हणून बाईने आत पाय ठेवायचा नाही, असं आमच्या भावकीत आहे. देवी बाई, ती आत. मी बाई, मी बाहेर. याचं उत्तर मला आजपर्यंत कुणी दिलेलं नाही.

केबिन कसली, इंजिनावर घातलेलं खोपट. इंजिनाची पेटी, तिच्या बाजूला एक माणूस बसेल किंवा पाय दुमडून आडवा होईल एवढी फळी, आणि वर छप्पर. जाळं लावलं की भरती फिरेपर्यंत वाट बघायची असते. तेव्हा तांडेल तिथे पाठ टेकतो. इतकी वर्षं दाराच्या जागी जाड प्लास्टिकचा कागद होता. मागच्या मोसमात एक लाट त्या कागदातून सरळ आत शिरली, इंजिन बंद पडलं आणि नवरा फळीवरून खाली. म्हणून पावसाळी बंदीत होडी वाळूवर ओढली तेव्हा ठरलं की नवी केबिन बांधायची आणि तिला खरंखुरं दार लावायचं.

होडीचं काम करणारा आमचा जुना सुतार आता हात कापतात म्हणून कामं घेत नाही. मग दिराने आगाशीचा एक सुतार आणला. माणूस वाईट नाही, पण त्याचं सगळं काम मनवेलपाड्याच्या बिल्डिंगींमध्ये. त्याने होडीभोवती एक चक्कर मारली, टेप लावली आणि म्हणाला, सरकतं दार लावू, बाल्कनीला असतं तसं, जागा वाचेल. वर मोबाइलवर फोटो दाखवले. मी म्हटलं, बाबा, बाल्कनीत वाळू येते का? मीठ येतं का? दुसऱ्या महिन्यात ते दार अर्ध्यात अडकेल ते कायमचं. मग तो म्हणाला, घराच्या दारासारखं आत उघडणारं करू. तर आत जागा कुठाय? दार आत आलं की माणसाने पाय कुठे ठेवायचे, डोक्यावर? शिवाय लाट आली की तेच दार ढकलून ती आत येणार. म्हणजे बाहेर उघडणारं दार, हे अर्ध्या तासात ठरलं. जाळ्याचा ढीग दारापुढे टाकायचा नाही, एवढं खलाशांना बजावायचं. आणि लाकूड फुगतं म्हणून कडी नको, एक खटका. दार ओढलं की आपोआप बसणारा. उघडताना तो दाबून धरायचा आणि दार ढकलायचं किंवा ओढायचं.

एवढं सगळं शहाण्यासारखं झालं. मग सुताराने विचारलं, बिजागरी कुठल्या बाजूला?

दीर म्हणाला, विचारायचं काय त्यात, डाव्या बाजूला. म्हणजे खटका उजव्या बाजूला येतो. आमच्यात नवी होडी किंवा नवी केबिन पाण्यात जायच्या दिवशी तांडेलाने सगळ्या भावकीसमोर ते दार पहिल्यांदा उघडायचं असतं, उजव्या हाताने, आणि आत जाऊन देवीला हळदकुंकू लावायचं असतं. डावा हात शुभकामाला चालत नाही. तेव्हा होडीसमोर उभं राहिलं की दार उजव्या हाताने उघडलं पाहिजे.

मी लगेच म्हटलं, नाही, बिजागरी उजव्या बाजूला. कारण माझ्या नवऱ्याचा उजवा हात गेलेला होता, आणि हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी जाळं ओढताना दोर त्याच्या उजव्या मनगटाला आवळला. विरारच्या डॉक्टरने शीर दबलीय म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, व्यायाम दिले. सूज गेली. बोटं मात्र आली नाहीत. अंगठा आणि त्याच्या जवळची दोन बोटं मिटतच नाहीत. बाहेर याने सांगून टाकलं की हात बरा झाला. त्याच्या शर्टाची बटणं मी लावते. घरात तो दार लोटून डाव्या हातात चमचा धरून जेवतो. मनवेलपाड्याला त्याच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं, तिथे पानावर बसायची वेळ आली तर म्हणाला पोट बिघडलंय. प्रत्येक हळदीला, प्रत्येक लग्नाला याचं पोट बिघडतं. बायका मला विचारायला लागल्या की याला दाखवलंस का कुठे. होडीवर सुकाणू डाव्या हाताने धरायचा, उजवा रेनकोटात खुपसायचा आणि हाताचं काम आलं की खलाशाला हाक मारायची. असे दोन मोसम याने काढले.

कळलं असतं तर काय झालं असतं, हे मला विचारा. तांडेलाचा हात गेला म्हणजे तो तांडेल राहत नाही. खलाशी दुसरी होडी बघतात. दीर सुकाणू मागतो, आणि तो चुकीचं मागतो असं कुणी म्हणू शकत नाही. मग या माणसाने करायचं काय? चौदाव्या वर्षापासून समुद्राशिवाय दुसरं काही केलेलं नाही त्याने. वाळूवर बसून जाळी शिवायलासुद्धा दोन हात लागतात.

म्हणजे बघा. सगळ्या गावासमोर त्याला त्या मेलेल्या बोटांनी नवा कोरा खटका दाबायचा होता. ते एक. आणि समुद्रात एखादं वाईट झालंच, धूर झाला, पाणी शिरलं, तर ते दार त्याच्याने उघडायला हवं होतं. ते दुसरं. दोन्हीसाठी दार डाव्या हाताचं असायला हवं होतं; खटकाच डावीकडे असला की डावा हात पुढे केला म्हणून कोण काय म्हणणार? इतकं उघड होतं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि खरं कारण तर सांगायची सोय नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

म्हणून मी खोटी कारणं काढली. काय काय काढली ते आठवून आज मलाच लाज वाटते. म्हटलं, वारा त्या बाजूने येतो, दार फडफडेल. दीर म्हणाला, वयनी, होडी काय एका जागी बांधलेली असते? म्हटलं, जाळं त्या बाजूला पडतं. तो म्हणाला, जाळं आम्ही टाकतो की तू? म्हटलं, मला स्वप्न पडलं. यावर तो नुसता हसला. त्याने मला इतक्या गोडीने हसून वाटेला लावलं की त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं. मासळीचा वास बायकांनी घ्यायचा, गिऱ्हाइकाशी घासाघीस बायकांनी करायची, पण होडीच्या बाबतीत तोंड उघडलं की वयनीला स्वप्न पडलं. हे मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं. शेजारच्या होडीवर डांबर लावणारे थांबून बघायला लागले.

आणि या सगळ्यात माझा नवरा काय करत होता? विडी ओढत बसला होता. ज्याच्या जिवासाठी मी गावात तमाशा करत होते, तो शेवटी राख झटकून म्हणाला, "उजव्या हाताचंच राहू दे."

मला वाटलं, याच्या कानाखाली द्यावी. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं पाहिली होती, पण इतक्या शांतपणे धोंडा पाडणारा हाच पहिला. अभिमान. दुसरं काय? दार डाव्या हाताचं केलं तर कुणी विचारेल का केलं, म्हणून हा बुडून मरायला तयार. घरी आल्यावर मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो ऐकत होता. दोनदा त्याने तोंड उघडलं, दोनदा मी त्याला गप्प केलं. मग तो झोपला.

चौथ्या आठवड्यात केबिन उभी राहिली, दार तेवढं लावायचं होतं. त्या दिवशी आगाशीच्या बाजारात सुका बोंबील विकून झाल्यावर मी सरळ सुताराच्या दुकानात गेले. म्हटलं, तांडेलदादांनी निरोप दिलाय, बिजागरी उजव्या बाजूला मारा, खटका डावीकडे. त्याला काय? त्याने मान हलवली. उद्या सकाळीच या, असंही मी सांगितलं, कारण उद्या दोघे भाऊ इंजिनाचा पंप आणायला वसईला जाणार होते.

सुतार आला. मी खाली वाळूवर उभी राहून दार लागताना पाहिलं. सागवान नव्हतं, पण दार छान होतं, घट्ट. त्याने दोनदा उघडून लावून दाखवलं. वाळूवरूनच मी हवेत डावा हात पुढे करून बघितला. बरोबर त्याच्यासमोर खटका. इतकं बरं वाटलं मला. म्हटलं, करा आता आरडाओरडा. एकदा लागलेलं दार कोण काढतंय.

दुपारी दोघे आले. दिराने लांबूनच पाहिलं आणि म्हणाला, हे उलटं कोनी लावलं? सुताराने माझ्याकडे बोट केलं. वहिनी बोलल्या, दादांनी सांगितलंय. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी जय्यत तयार होते, तो एक शब्द बोलला असता तर मी दहा बोलणार होते. पण त्याने खिशातून विडी काढली. दिराने भावासमोर कधी आवाज चढवलेला नाही. दादानेच सांगितलं म्हटल्यावर त्याने वाद घातला नाही. एवढंच म्हणाला, आत बसून दार ओढून बघ जरा दादा, फट राहते का, पानी कुठून येईल ते कळेल. ते कामच तांडेलाचं. नाही म्हणायला कारण नव्हतं.

नवरा वर चढला, वाकून आत गेला, फळीवर बसला आणि डाव्या हाताने दार ओढून घेतलं. खटका टक्कन बसला.

आम्ही बाहेर. दीर फटीवर हात फिरवत होता, सुतार आपल्या कामाचं कौतुक करत होता. फट कुठेच नव्हती. दीर म्हणाला, चांगलं बसलंय, ये बाहेर. आतून खरवडल्यासारखा आवाज आला. मग गुडघा पेटीवर आपटल्याचा. मग परत खरवडल्याचा. सुतार म्हणाला, नवीन आहे, जोर लावा दादा. दीर हसून म्हणाला, झोपलास काय दादा? आणखी एकदा खटका हलला आणि परत जागेवर बसला.

मग त्याचा आवाज आला. ओरडून नाही, साध्या आवाजात. म्हणाला, "तिला सांग, उघड."

दिराला कळेना, तो तर दारासमोरच उभा होता. पण भाऊ म्हणाला म्हणून तो बाजूला झाला आणि त्याने मला हात देऊन वर घेतलं. मी खटका दाबला आणि दार ओढलं.

आत तो फळीवर बसलेला होता. फळीवर बसलं की दार माणसाच्या डाव्या अंगाला येतं. खटका त्याच्या जवळच्या कडेला असता तर बसल्या जागी त्याच्या डाव्या तळव्याखाली आला असता, काही करावंच लागलं नसतं. पण मी तो पलीकडच्या कडेला लावून घेतला होता. तिथवर जायचं तर दाराकडे तोंड करून वळायचं, आणि वळलं की खटका येतो उजव्या हाताशी. डावा हात छातीवरून आडवा घालून तिथे पोचत होता, पण दाबून ढकलायला अंग वळत नव्हतं, इंजिनाची पेटी गुडघ्यांना अडत होती. त्याने तसंही करून बघितलं होतं. उजव्या हातानेही करून बघितलं होतं. बोटांची सालं निघाली होती आणि तो हात खटक्याच्या खाली नुसता लोंबत होता.

बाहेरून जे उजवं, ते आतून डावं. पहिलीतल्या पोराला कळेल. भावकीची रीत बाहेर उभं राहणाऱ्याची होती, आणि नेमकी त्याच रीतीने आतल्या माणसाला डावा हात मिळत होता. त्याला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, कारण तो आत बसत होता. मी तीस वर्षं वाळूवरून ती होडी बघत आले.

माझ्या मागे दीर उभा होता. त्याची नजर त्या हातावर. त्याने ओरडायला हवं होतं, मला शिव्या घालायला हव्या होत्या. तो खाली वाकला, भावाच्या काखेत हात घालून त्याला बाहेर घेतलं आणि हळू विचारलं, "कधीपासून, दादा?"

नवरा म्हणाला, दोरात अडकला तेव्हापासून.

सुतार बिचारा टेप गुंडाळत राहिला. थोड्या वेळाने त्याने कुणी न सांगताच बिजागऱ्या काढायला घेतल्या. दार ठरलं होतं तसं उजव्या हाताचं झालं. अर्ध्या तासाचं काम.

दुसऱ्या दिवशी दीर घरी आला. ओटीवर बसला, चहा घेतला. म्हणाला, यंदा सुकाणू मी धरतो, तू बरोबर ये, नुसता बस, वारा-पानी तुझ्याइतकं कोनाला कळत नाय. त्याने ते प्रेमाने म्हटलं, हे मी कबूल करते. नवरा म्हणाला, एवढ्याशा होडीत नुसतं बसायला जागा नसते. दोघेही मग बराच वेळ पंपाबद्दल बोलत बसले.

मी मात्र पेटले. दिरावर पेटले, की दोन मोसम भावाने डाव्या हाताने होडी चालवली, एकदा तरी कुठे आपटली का? सुतारावर पेटले, की एका बाईच्या सांगण्यावरून दार फिरवतोस, तुला अक्कल नाही? त्या रीतीवर पेटले, की एक दिवस मला त्या फळीवर बसू दिलं असतं तर हे झालंच नसतं. आणि रोज, दिवसातून चार वेळा, नवऱ्यावर पेटले. तुला ठाऊक होतं तर मला सांगितलं का नाहीस? आतून डावा येतो, तीन शब्द. जीभ झडली असती? भात वाढताना विचारलं, बटणं लावताना विचारलं. आठ दिवस तो नुसता ऐकत होता.

होडी पाण्यात जायचा दिवस आला. भावकी जमली. दिराने उजव्या हाताने दार उघडलं, आत जाऊन देवीला हळदकुंकू लावलं. कुणी काही विचारलं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलेलं होतं. भरती आली, होडी उचलली गेली, दोन्ही खलाशांनी दोर सोडले. दिराने एकदा मागे वळून बघितलं आणि मग नाही बघितलं. आम्ही दोघे गुडघाभर पाण्यात उभे होतो. लोक पांगले तसे आम्ही मागे आलो, माझी सुक्या बोंबलाची टोपली ठेवली होती तिथपर्यंत. आणि मी परत सुरुवात केली. म्हटलं, का नाही सांगितलंस?

त्याने होडीकडे पाहतच सांगितलं, "तू विचारलंस कधी? तू भांडलीस."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी उत्तर दिलं असतं.

मग तो वाकला, डावा हात टोपलीखाली घातला, उजव्या कोपराने तिला आधार दिला आणि ती खांद्यावर घेतली. आमच्यात बाप्ये बायकांची टोपली उचलत नाहीत. डांबरवाले बघत होते, पोरं बघत होती. तो आगाशीच्या बसच्या दिशेने चालायला लागला आणि मी त्याच्या मागून. वाळू संपून रस्ता लागला तेव्हा त्याची चाल मंदावली. माझ्या तोंडावर आलं होतं की दे इकडे, उगाच मर्दुमकी नको. ते मी गिळलं.

मी विचारलं, "जड होतेय का?"

तो थांबला. म्हणाला, "होतेय."